मग, हात काय म्हणतोय?

डिसेंबर आला की आमच्या ऑफिसात ‘सिक्रेट सांता’ची साथ येते. कुणाच्या नावाची चिठ्ठी कुणाला निघेल सांगता येत नाही. बजेट पाचशे रुपये, आणि भेट अशी हवी की उघडल्याबरोबर अख्ख्या फ्लोअरवर हशा पिकला पाहिजे. या वेळी हशा माझ्या नावावर पिकला. खोक्यातून निघाला एक मग. साधासुधा नाही हं! कान असायचा तिथे चक्क डम्बेल. मधे पकडायला दांडा, खाली-वर दोन जाडजूड लोखंडी चकत्या. कॉफी पिता पिता दंड कमवा, अशी एकूण आयडिया.

‘आता तरी काहीतरी उचल!’ असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. माझ्या पोटाचा घेर आणि जिमची वर्षभराची फी भरून केलेल्या एकूण चार फेऱ्या, हे दोन्ही टीममध्ये जगजाहीर आहे. त्यामुळे चिठ्ठी कुणी लिहिली याचा शोध घेण्यात अर्थ नव्हता. कुणीही लिहू शकलं असतं.

मी धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका काढायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मगाचंही टेस्टिंग ओघाने आलंच. पॅन्ट्रीतल्या वजनकाट्यावर रिकामा मग भरला 750 ग्रॅम. त्यात मावतं 450 मिलिलिटर. पाण्याचा हिशेब सोपा असतो, एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे काठोकाठ भरलेला मग झाला 1 किलो 200 ग्रॅम. तो टेबलावरून तोंडापर्यंत, समजा, एक फूट उचलला. शाळेतलं फिजिक्स आठवून बघितलं आणि शरीर लावलेल्या ताकदीतला साधारण चौथा हिस्साच कामी आणतं हेही धरलं. एक चमचा साखर म्हणजे जवळपास 20 कॅलरी. ती जाळायला हा मग किती वेळा उचलावा लागेल? ढोबळमानाने सहा हजार वेळा! मी कॉफीत दोन चमचे घेतो. म्हणजे बारा हजार.

शिवाय डिझाइनमध्ये आणखी एक मोठ्ठा बग. प्रत्येक घोटागणिक मग हलका होत जातो. जगातलं हे एकमेव व्यायामाचं साधन असेल, जे तुम्ही दमाल तसं स्वतःहून तुम्हाला सूट देतं!

आठवडाभर मग डेस्कवर मिरवला, मग त्यात पेनं ठेवली आणि विषय संपला. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

हिंगणे नव्हे, हिंगोली!

मी हिंगोलीचा. पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘हिंगणे का?’ नाही हो, हिंगोली! मराठवाड्यातली. औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग, संत नामदेवांची नर्सी, वसमतची हळद... एवढं म्हटलं की चेहऱ्यावर थोडी ओळख उमटते. माझ्या जन्मदाखल्यावर मात्र जिल्हा परभणी आहे. कारण आमचा जिल्हा माझ्यापेक्षा लहान. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला.

आमचं गाव औंढा तालुक्यात. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. दोन एकर हळद आहे. आई घर, हळद, म्हैस आणि अण्णा अशा चार आघाड्या एकटी सांभाळते. दर रविवारी व्हिडीओ कॉल असतो. फोन उचलला की आईचा पहिला शब्द ठरलेला, ‘मग?’ तेवढ्या एका शब्दात जेवलास का, झोपलास का, पगार वाढला का, मुली बघायच्या का, असे सगळे प्रश्न आले.

नोव्हेंबर-डिसेंबरात कॉल नेहमीसारखेच चालू होते. आई हसत होती, शेजारणींच्या बातम्या सांगत होती. ‘तब्येत काय म्हणते?’ विचारलं की ‘काय म्हणायचीय? झकास!’ अण्णा मागे खाकरायचे आणि गप्प बसायचे. मी इकडे लॅपटॉपवर अर्धा डोळा ठेवून ‘बरं, बरं’ करायचो.

संक्रांतीला चार दिवसांची सुट्टी जोडून घरी गेलो. निघताना डेस्क आवरला, तेव्हा तो मगही बॅगेत टाकला. म्हटलं आईला दाखवू, तेवढीच करमणूक. ट्रॅव्हल्सने रात्रभर हाडं खिळखिळी केली. जिंतूर सोडलं, औंढा आलं, थंडीत कुडकुडत घरी पोचलो. आईने चहा ठेवला.

आणि तिथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

फ्रेमच्या बाहेरचा हात

माझी आई चहा बशीतून पिते. उजव्या हातात कप, डाव्या हातात बशी. मनगटाला एक झोकदार वळण देऊन चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायची, फुर्रकन ओढायचा. लहानपणापासून हेच बघत आलोय. त्या सकाळी बशी नव्हतीच. स्टीलचा पेला होता, आणि तोही डाव्या हातात.

‘बशी कुठं गेली गं?’

‘फुटली.’

मांडणीवर सहाच्या सहा बश्या ओळीत उभ्या होत्या.

मी तिचा उजवा हात बघितला. पदराखाली होता. मनगट किंचित सुजलेलं, बोटं अर्धवट मिटलेली. मग अण्णांचा बांध फुटला. दिवाळी आटोपली, त्याच आठवड्यात न्हाणीत पाय घसरला. पडताना माणूस आपोआप हात टेकतो, तसा टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. डिसेंबरअखेर निघालं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. ते चार दिवस केले, दुखलं, की सोडून दिले.

‘मला सांगितलं का नाही?’

‘तुला सांगून काय करणार होतास, लेकरा? तिकडून उगं जिवाला घोर लावून घेतला असतास.’

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी मोबाइलमधले जुने स्क्रीनशॉट काढून बघितले. रविवारच्या कॉलमधले. सात रविवार. सातही फोटोंत आईचा उजवा हात फ्रेमच्या बाहेर होता. मी असा माणूस आहे की बटण दोन पिक्सेल डावीकडे सरकलं तरी मला दिसतं. आणि सात आठवडे मला आईचा हात दिसला नव्हता!

दुसऱ्या दिवशी संक्रांत. तिळाचे लाडू शेजारच्या काकूंनी वळून दिले. आई बाजूला बसून ‘पाक जरा कमी झाला’ म्हणत होती, पण तिचं लक्ष लाडवांत नव्हतं. दुपारी चुलीपाशी बसली होती. परातीत ज्वारीचं पीठ मळून ठेवलेलं. डाव्या हाताने भाकरी थापायचा प्रयत्न केला. भाकरी फाटली. पुन्हा गोळा केला, पुन्हा फाटली. मी दारात उभा आहे हे तिला कळलं.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘आता हा हात असाच राहायचा. सून आली की थापील.’

हसत म्हणाली. पण डोळ्यांत हसू नव्हतं. चाळीस वर्षं ज्या हाताने घर चालवलं, त्याच्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. हाड जुळलं होतं, विश्वास नव्हता जुळला.

मी टीम लीडला फोन लावला. दोन आठवडे वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. गच्चीवरच्या टाकीपाशी नेटवर्क बरं येतं. तिथेच माझं ऑफिस थाटलं.

डम्बेल नापास, लाटणं पास!

माझ्या डोक्यात अर्थातच मग चमकला होता. अरे, व्यायामाचं साधन तर बॅगेतच आहे! हिंगोलीला फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे आईला घेऊन गेलो, तेव्हा मोठ्या ऐटीत तो टेबलावर ठेवला. मॅडमनी उचलून बघितला आणि शांतपणे माझ्याकडे परत सरकवला.

‘हा रिकामाच पाऊण किलोचा आहे. आत्ता यांना चहाचा कपही जड आहे. आधी हालचाल, मग ताकद. उलटं करायचं नाही.’

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पन्नाशी-साठीच्या बायकांमध्ये असं मनगट मोडणं अगदी कॉमन. पाळी थांबली की हाडं झपाट्याने ठिसूळ व्हायला लागतात, आणि साधं घसरल्याचं निमित्त पुरतं. प्लॅस्टरमध्ये हाड जुळतं, पण तेवढ्या काळात सांधा आखडतो आणि स्नायू रोडावतात. दुखतं म्हणून हात हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून आणखी आखडतो, आखडला म्हणून आणखी दुखतो. या चक्राला कुठून तरी खीळ घालावी लागते. जाता जाता हाडांची घनता तपासून घ्यायलाही त्यांनी लिहून दिलं.

मॅडमनी कोन मोजायचं साधन काढलं. मनगट मागे वळायला हवं साधारण 70 अंश, आईचं वळत होतं 20. तळवा आकाशाकडे फिरायला हवा 80 अंशांपर्यंत, फिरत होता 30. भाकरी थापायला पहिलं लागतं. बशीत चहा ओतायला, दान घ्यायला, प्रसाद घ्यायला दुसरं.

‘घरी लाटणं आहे ना?’ मॅडमनी विचारलं.

लाटणं! उजवा कोपर मांडीवर टेकवायचा, लाटणं मधोमध धरायचं आणि गाडीच्या वायपरसारखं हळूहळू डावीकडे-उजवीकडे कलतं करायचं. सोपं जायला लागलं की मूठ टोकाकडे सरकवायची. लाटणं तेच, वजन तेच, पण टोकाला धरलं की मनगटाला जड जातं. अण्णांचा चेहरा उजळला. ‘तरफ! सातवीच्या मुलांना मी हेच शिकवायचो!’ त्याशिवाय कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप, ओलं फडकं पिळणं, आणि कणीक मळणं. कणकेसारखा व्यायाम नाही म्हणे हाताला.

घरी आल्यावर अण्णांनी कंपासपेटीतला कोनमापक काढला, शंभर पानी वही काढली आणि आलेखाचा कागद चिकटवला. रोज संध्याकाळी मोजमाप. आई कुरकुरायची, ‘मी काय तुमची विद्यार्थिनी हाय का?’ अण्णा म्हणायचे, ‘विद्यार्थिनी असतीस तर एवढी अंगचोर नसतीस!’

गंमत बघा. आमच्याच तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अवकाशातून आलेल्या लहरीने प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी तो टिपायचा. जगातलं इतकं नाजूक मोजमाप आमच्या औंढ्याच्या शिवारात होणार! आणि तिथून जवळच एका ओसरीवर एक रिटायर्ड मास्तर बायकोच्या मनगटाचा एक-एक अंश मोजत बसला होता. बुधवारी 34, गुरुवारी 34, शुक्रवारी 36. त्या दोन अंशांना घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

आजीचा हंडा

मग तोवर कोनाड्यात पडून होता. एका दुपारी आईनेच काढला. ‘हे काय आणलास रे? पाणी प्यायचं का मसाला कुटायचा?’

मी अख्खी स्टोरी सांगितली. डम्बेल, सिक्रेट सांता, साखरेचे बारा हजार हेलपाटे. आई खो-खो हसली. त्या मुक्कामातलं तिचं पहिलं खरं हसू.

‘तुझी आजी असती तर तिला फेफरंच आलं असतं. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, आणि विहिरीच्या दहा खेपा. ती कधी म्हणाली का व्यायाम करायलेय म्हणून?’

मी गच्चीवर जाऊन वाचत बसलो. जिममध्ये जे केटलबेल म्हणून मिरवतं, ते मूळचं रशियातलं धान्य तोलायचं माप. तिकडे त्याला गिर्या म्हणतात आणि त्याचं वजन पुडात मोजतात. एक पूड म्हणजे साधारण 16.4 किलो. म्हणजेच आजीचा काठोकाठ भरलेला हंडा! मोंढ्यात वजनं उचलता उचलता तिकडच्या लोकांनी त्याचा खेळ केला. आपल्याकडेही तालमीत मुद्गल फिरवतात, मधे मूठ असलेले दगडी नाल उचलतात. पण ते पैलवानांसाठी. बाईने उचललेल्या वजनाला आपण कधी व्यायाम म्हटलंच नाही. ते ‘काम’. आणि काम बंद पडलं की तिला वाटतं, आपणच बंद पडलो.

मला वाटतं, आईला नेमकं तेच खुपत होतं. दुखणं तिने सोसलं असतं. पण व्यायाम म्हणजे रिकामटेकड्यांचं सोंग, हे तिच्या मनात पक्कं होतं. हात कामाला येत नाही तर त्याचे लाड कशाला? म्हणून तर चार दिवसांत सोडून दिलं. लाटणं, फडकं, कणीक हे तिला पटलं, कारण ते कामासारखं दिसत होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मॅडमनी परवानगी दिली, पण मगाची नाही. चहाच्या कपात पाव कप पाणी, मग अर्धा, मग पूर्ण. ओतायचं, पुन्हा भरायचं. आईने ओसरीवर दोन कप आणि एक बशी मांडली. पहिल्या दिवशी अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. ‘मांजर बरं,’ ती पुटपुटली. तिसऱ्या दिवशी थोडं सांडलं. माझ्या निघायच्या दिवशी सकाळी तिने काही न बोलता खऱ्या चहाचा कप उजव्या हाताने उचलला, मनगट वळवलं. हात थरथरत होता. बशीत चहा पडला. एक थेंब बाहेर. फुर्रकन आवाज आला.

अण्णा पेपरात तोंड खुपसून बसले होते. पण पेपर उलटा होता.

निघताना मी मग बॅगेत टाकायला गेलो, तर आई म्हणाली, ‘राहू दे तो. रथसप्तमी झाली नाही अजून. वाण म्हणून ठेव मला.’

आणि मग...

फेब्रुवारीत मॅडमनी मगाला हिरवा कंदील दाखवला. आधी रिकामा. हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, मग उभा धरून हळूहळू आत-बाहेर कलता करायचा. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा. मग त्यात पाणी, दर आठवड्याला थोडं जास्त. ज्याच्यावर मी ऑफिसात हसलो होतो, तोच प्रकार इथे उपयोगी पडला. पाणी वाढवलं की वजन वाढतं, एवढंच. त्यासाठी डम्बेलवाला मगच हवा असं मुळीच नाही, तांब्याही चालतो. मॅडमनीच सांगितलं. पण आईला तो मग आवडतो. बायका हळदी-कुंकवाला आल्या की कोनाड्यातून काढून दाखवते, ‘लेकानं पुण्याहून आणलंय, मशीन हाय!’

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याने सगळं ठीक झालं का? नाही. आलेखावर रेघ कधी चढते, कधी आठवडाभर आडवी झोपते. थंडीच्या सकाळी अजून ठणकतं. भरलेली बादली तिला अजून उचलायची नाही. न्हाणीत आता खरखरीत फरशी बसवलीय, भिंतीला धरायला दांडी लावलीय. हे आधीच करता आलं असतं, ही टोचणी माझी आहे. हाडं ठिसूळ निघाली, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

मी पुन्हा पुण्यात. तीच डेडलाइन, तोच फ्लोअर. कॉफी आता ऑफिसच्या कागदी कपातून पितो. साखर एकच चमचा, सहा हजारांची बचत! रविवारचा कॉल मात्र लॅपटॉप मिटून करतो. फोन लागला की पहिलं वाक्य माझं, ‘आई, हात दाखव.’ ती चिडते, पण दाखवते. मूठ उघडते, मिटते, तळवा आकाशाकडे फिरवते.

होळीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. काही लिहिलेलं नव्हतं. तव्यावर ज्वारीची भाकरी. गोल अजिबात नाही. एका बाजूने जाड, कड फाटलेली. टेस्टरच्या नजरेने बघितलं तर बग्जच बग्ज.

मी तो फोटो लगेच पास केला.

पाच मिनिटांत तिचा फोन. मी उचलला आणि तिच्या आधीच म्हटलं, ‘मग?’

‘मग भरलाय काठोकाठ,’ ती म्हणाली. ‘अन् उजव्या हातात हाय.’